टायर गार होईपर्यंत

"थांबा," तो म्हणाला.

हवेची नळी त्याच्या हातात होती आणि तो आमच्या गाडीच्या पुढच्या टायरवर तळहात टेकवून उकिडवा बसला होता. लहान मुलाचा ताप बघावा तसा.

"हवाच तर भरायची आहे," मी म्हटलं. "त्यात थांबायचं काय?"

"आल्या आल्या काय म्हणालात? गाडी लांबच्या प्रवासासाठी तयार करायची आहे. मग टायर गार झाल्याशिवाय हवा मोजायची नाही. गरम टायर आहे त्यापेक्षा जास्त हवा दाखवतो."

"किती वेळ लागेल?"

"गार होईपर्यंत."

हसावं की चिडावं, मला कळेना. अडखळत बोलणाऱ्या मुलांना मी बोलायला शिकवते. 'घाई नाही, सावकाश, शब्द येईपर्यंत थांब,' हे दिवसभर मीच दुसऱ्यांना सांगत असते. संध्याकाळपर्यंत माझ्याजवळचा सगळा धीर वाटून संपलेला असतो. त्यात हे गॅरेज काही आमचं नेहमीचं नव्हतं. बाबांचा जुना मिस्त्री दुकानाला कुलूप लावून गावी गेला होता, म्हणून घरामागच्या गल्लीतली ही पाटी मला पहिल्यांदाच दिसली होती. परत फिरावं असा विचार मनात आलाही... पण तेवढ्यात त्याने फडक्याने हात पुसले, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीला टेकून कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचं मागचं सीट ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकांनी बसायचं ते तिथे. मी बसले. सीट लांबलचक होतं, दोघं-तिघं आरामात मावतील असं. तो मात्र समोर एक लोखंडी स्टूल ओढून त्यावर बसला. आणि मग त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

किती जण जाणार? कोण चालवणार? मागे कोण, कुठल्या बाजूला? कुणाला गाडी लागते का? पाठ कुणाची दुखते? सामान टपावर की डिकीत?

"तुम्ही गाडी तपासता की माणसं?" मी विचारलं.

"गाडी रस्त्यात बंद पडली तर ढकलता येते," तो म्हणाला. "माणूस बंद पडलं तर काय करायचं?"

हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की मला हसू आवरेना. मग तोही हसला. हसताना त्याची नजर खाली, हातातल्या फडक्यावर गेली. माझं चिडणं तिथेच संपलं, हे मी कबूल करते.

मी त्याला सांगितलं, की आम्ही तिघं जाणार. मी, बाबा आणि आत्या. लांब, समुद्राकाठच्या एका शहरात. "फिरायला?" त्याने विचारलं. मी "हं" म्हटलं. खरं तर मला तिथल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. बाबा आणि आत्या मला सोडायला येणार होते आणि परत येताना मी त्यांच्यात नसणार होते. पण पहिल्याच भेटीत सगळी कुंडली कशाला मांडायची? एका 'हं'ने काय बिघडणार होतं?

*

घरी आल्यावर मी आत्याला त्याची नक्कल करून दाखवली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते आणि घरात कुणाला काय म्हणायचं हे तीच ठरवते. तिने त्याचं नाव लगेच 'थांबा' ठेवलं. "काय म्हणतोय तुझा थांबा?" असं ती दुसऱ्याच दिवशी विचारायला लागली. त्यातल्या 'तुझा'कडे मी दुर्लक्ष केलं.

उन्हाळ्यात लांब जायचं म्हणजे गाडीची कामं एका दिवसात थोडीच होतात. इंजिन गार ठेवणारं पाणी बदलायचं होतं. पंख्याचा पट्टा कुरकुरत होता. वायपरचं रबर उन्हाने वाळून कडक झालं होतं. बॅटरी, एसी, जादाचं चाक... एकेका कामासाठी मी एकेका संध्याकाळी जात होते. सगळी कामं एकदम सांगता आली असती, हे खरं. पण मला काय कळतंय गाडीतलं?

फक्त एक अडचण होती. आमच्या घरापासून गॅरेज इतकं जवळ, की तिथे पोचेपर्यंत टायर काही तापत नसत. टायर गार असले तर थांबायचं कारण उरत नाही. म्हणून मी पुलाखालून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, शाळेच्या मागच्या रस्त्याने जायला लागले. उतरत्या उन्हात चांगला मोठा फेरा पडायचा. मी मनाला सांगितलं, की लांबच्या प्रवासाआधी माझाही सराव व्हायला हवा.

तो टायरला हात लावायचा. मग माझ्याकडे बघायचा. मग म्हणायचा, "थांबा."

मी त्या मागच्या सीटवर बसायची आणि तो समोरच्या स्टुलावर. एकदा आम्ही असेच बसलेलो असताना एक बाई आल्या, दोन मिनिटांत हवा भरून निघूनही गेल्या. त्यांच्या टायरला त्याने हातसुद्धा लावला नाही.

"त्यांना नाही थांबवलंत?"

"त्यांना भाजी आणायला जायचंय. तुम्हाला लांब जायचंय." मग तो म्हणाला, "तुमचं घर मागच्याच गल्लीत ना?"

"हो. का?"

"काही नाही... टायर बरेच फिरून आल्यासारखे वाटतात."

"रस्ता बंद होता," मी म्हटलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"रोज बंद असतो?"

मी पाणी प्यायला ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता, तरी प्यायले.

तसा मीही त्याला सोडत नव्हते. त्याच्याबद्दल मला एक कोडंच पडलं होतं. बसायला कुठली बाजू बरी, सकाळी निघताना काय खावं, पाण्याच्या बाटल्या कुठे ठेवाव्यात, नजर कुठे ठेवावी... प्रवासातली प्रत्येक गोष्ट त्याला ठाऊक होती. पण तो स्वतः कधी कुठे गेल्याचं त्याच्या बोलण्यात येत नसे. गल्लीतली निम्मी माणसं त्याने तपासलेल्या गाड्यांतून डोंगर-समुद्र पाहून आली होती. ह्याने समुद्र पाहिला होता का?

"लहानपणी," तो म्हणाला. "एकदा."

"कसा वाटला?"

"फारसा आठवत नाही. बराच वेळ मी खाली बघत होतो." आणि तो उठून नट खोलायचा पाना शोधायला लागला.

समुद्राकाठी जाऊन खाली कोण बघतं? आणि एवढं ऐसपैस सीट रिकामं असताना हा माणूस त्या टणक स्टुलावर का बसतो? मी सरकून जागा करून देऊनही तो कधी माझ्याशेजारी येऊन बसला नव्हता. आधी वाटलं, लाजतो. मग वाटलं, मी आवडत नाही. मग त्याने माझ्यासाठी पाणी भरून ठेवलेलं दिसलं, माठातलं, आणि ग्लासावर बशी झाकलेली... आणि मी पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागले.

*

निघायच्या आधीच्या रविवारी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं. ती त्याची पद्धत होती. लांब जाणारी गाडी भरल्या सामानानिशी, भरल्या माणसांनिशी, ज्याने त्याने आपापल्या जागी बसून आधी त्याला दाखवायची. मग तो स्वतः गाडी चालवत सगळ्यांना एक चक्कर मारून आणायचा. आत्या त्याला रंगीत तालीम म्हणाली आणि तिने खरोखरच प्रवासाची साडी नेसली.

बाबा आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढत आले. त्यांनी डिकी अशी भरली होती, की बोट घालायला फट नव्हती. त्याने ती पाहिली, मनापासून वाहवा केली आणि सगळी रिकामी केली, कारण जादाचं चाक तळाशी अडकलं होतं. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग दोघांनी मिळून डिकी पुन्हा भरली आणि या वेळी बाबांची रचना अशी जमली, की ती त्याला चार वेळा उघडून बघावीशी वाटली. आठ्या गेल्या.

आत्याला गाडी लागते. तिची चौकशी त्याने निराळी केली.

"आधी काय होतं? जांभया येतात की तोंडाला पाणी सुटतं?"

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. "जांभया. मग कानामागे गार वाटतं."

"आणि कुणी खायचं नाव काढलं की राग येतो."

"भयंकर राग येतो," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांत आपलं दुखणं समजणारं पहिलंच माणूस भेटल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. त्याने तिला डावीकडची खिडकी दिली, कारण दुपारचं ऊन उजवीकडून येणार होतं. लांब बघायचं, जवळचं काही बघायचं नाही, पहिली जांभई आली की लाज न बाळगता सांगायचं आणि अर्धं लिंबू हातात ठेवायचं, खायला नाही, नुसतं हुंगायला.

चक्कर मारून आलो. टायर गार होईपर्यंत सगळे सावलीत थांबलो. मग तो मागच्या चाकाशी बसला, हवा मोजायचं यंत्र लावलं आणि मान वर न करता नेहमीच्या आवाजात त्याने विचारलं, "जाताना तिघं. येताना किती जण?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले, आत्या बाबांकडे.

"वजन कमी-जास्त होणार असेल तर हवा बदलावी लागते," त्याने समजावलं. "म्हणून विचारतो."

दिवसभर मुलांच्या तोंडून शब्द काढणारी मी... माझ्याच तोंडाला कुलूप लागलं होतं.

"दोघं," शेवटी मी म्हटलं. "येताना दोघंच. मी तिकडेच राहणार आहे. नोकरी लागलीय."

त्याने यंत्र काढलं. टायरच्या तोंडावरचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पुलाखालून, टाकीला वळसा घालून, शाळेच्या मागून गेले. टायर चांगलेच तापले होते. त्याने टायरला हात लावला नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. नळी लावली, हवा भरली, नळी गुंडाळून खुंटीला अडकवली.

"झालं," तो म्हणाला. "निघा."

मी गाडीत बसले. गल्लीच्या तोंडाशी वळताना मला पुढचा रस्ता नीट दिसत नव्हता आणि त्यात उन्हाचा काही दोष नव्हता. इतक्या साऱ्या संध्याकाळी ज्याच्या तोंडून 'थांबा' ऐकायला मी एवढे वळसे घातले, त्याने मला 'निघा' म्हटलं होतं. आणि त्याचं काय चुकलं होतं? नोकरीचं मी त्याला सांगायला हवं होतं. तो मला आवडतो, हेही सांगायला हवं होतं. मी दोन्ही सांगितलं नव्हतं आणि निघायचा दिवस तोंडावर आला होता.

*

त्यातच घरी वेगळीच धुसफूस सुरू झाली. 'येताना दोघं' हे मोठ्याने म्हटल्यावरच आमच्या सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की येताना गाडी एकट्या बाबांना चालवावी लागणार. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. समोरून ऊन आलं की ते हात कपाळाशी नेतात. जाताना मी बरोबर असणार होते, येताना दिवसभर ते आणि ती तिरीप. आत्या म्हणाली, गाडी नकोच. बाबा म्हणाले, मुलीला आजवर प्रत्येक नव्या ठिकाणी मी याच गाडीतून सोडलंय, याही वेळी सोडणार. मी म्हटलं, मग मी जातच नाही. त्यावर दोघंही माझ्यावरच उखडले.

सकाळी मी उठले आणि चालत गॅरेजमध्ये गेले.

तो शटर वर करत होता. मला बघून त्याची नजर माझ्यामागे रस्त्यावर गेली. "गाडी कुठे आहे?"

"घरी," मी म्हटलं. "टायर गार आहेत."

मग मी बोलायला लागले. मुलांना सांगते तसं, जो शब्द सगळ्यात जड जातो त्याच्यापासूनच सुरुवात केली. "माझं चुकलं. नोकरीचं तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही गाडी पटकन तयार करून दिली असती... आणि मला ती पटकन व्हायला नको होती."

शटर त्याच्या हातात अर्ध्यावरच राहिलं होतं. ते त्याने पूर्ण वर ढकललं. "मलाही नको होती," तो म्हणाला. "वायपर मी दोनदा बदलले."

मग मी त्याला बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाला, "येताना गाडी मी आणतो." म्हणून झालं, आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा पडला. "म्हणजे जाताना... जाताना कोण चालवणार?"

"मी आणि बाबा. बाबा ते सोडणार नाहीत. माझ्याबरोबर चालवायची त्यांची ही शेवटचीच खेप."

"बरोबर आहे. त्यांनीच चालवायला हवी," तो म्हणाला. "म्हणजे मी मागे."

"हो. का?"

त्याने भिंतीकडच्या त्या सीटकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. जांभया, कानामागचा गारवा, खायचं नाव काढलं की येणारा राग, समुद्राकाठी खाली बघत बसलेला मुलगा... सगळं एकदम जागच्या जागी बसलं.

"तुम्हाला गाडी लागते," मी म्हटलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "गॅरेज आहे माझं."

स्वतः चालवली की काही होत नाही, हे त्याला विसाव्या वर्षी कळलं होतं. त्याआधी वडील त्याला कुठे न्यायला धजत नसत. गाड्यांच्या नादाला तो लागला तोच मुळी आपल्याला मागे बसावं लागू नये म्हणून. ते सीट तर नुसतं भिंतीला टेकलेलं होतं, तरी त्यावर बसलं की त्याच्या पोटात ढवळायचं. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते, कारण त्याच वेळी मला रडूही येत होतं. इतक्या साऱ्या संध्याकाळी मी सरकून जागा करून देत होते... ती मागच्या सीटवर.

"राहू दे मग," मी म्हटलं. "आम्ही काहीतरी करू."

"नाही," तो म्हणाला. "येतो. मागे बसतो."

*

आम्ही पहाटे निघालो. मागे डावीकडे आत्या, उजवीकडे तो. दोघांच्या हातात अर्धं अर्धं लिंबू, दोघांच्या मांडीवर ओला पंचा, दोघांच्या नजरा समोरच्या काचेतून लांब लागलेल्या. बाबांनी गाडी सुरू करताना आरशातून मागे बघितलं आणि ते गालातल्या गालात हसले.

शहर मागे पडायच्या आत त्याला पहिली जांभई आली. आत्याने ती मोजली. त्यानंतर आत्याला आली, ती त्याने मोजली. आम्ही दर थोड्या वेळाने कुठेतरी झाडाखाली थांबत होतो आणि ते दोघं रस्त्याकडेला शेजारी शेजारी बसून, लढाईवरून आल्यासारखे, एकमेकांची विचारपूस करत होते. मी त्याच्या मानेवर ओला रुमाल ठेवला, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

"तुम्ही पुढे बसा, मी मागे जातो, असं बाबा म्हणतायत," मी त्याला सांगितलं.

त्याने मान हलवली. "त्यांना तुमच्या शेजारी बसू दे."

त्या क्षणी तो मला जेवढा आवडला, तेवढा त्याआधी कधीच आवडला नव्हता. चेहरा हिरवट झालेला, केस विस्कटलेले, शर्टावर लिंबाचे डाग.

दुपार उतरताना आम्ही पोचलो. माझी खोली एका बैठ्या घराच्या मागच्या बाजूला होती. दारात दोन पायऱ्या आणि पायऱ्यांवरून, दोन घरांच्या मधल्या फटीतून, समुद्राची एक पट्टी दिसायची. सामान आत गेलं, आत्या पलंगावर आडवी झाली, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागले. ती तिघं उद्या सकाळी परत निघणार होती. मी बाहेर आले तर तो पायरीवर बसला होता, शेजारी हवा मोजायचं यंत्र.

"काय करताय?"

"उद्या एक माणूस कमी. सामानही नाही. मागची हवा थोडी उतरवायला हवी." त्याच्या चेहऱ्यावर आता जरा रंग आला होता. "पण टायर गरम आहेत. थांबतोय."

मी त्याच्या शेजारी बसले. या वेळी तो उठून स्टूल आणायला गेला नाही. इथे स्टूलही नव्हतं म्हणा. वाऱ्याला खारट वास होता. बराच वेळ आम्ही ती समुद्राची पट्टी बघत बसलो.

"पण उद्या सकाळी टायर आपोआप गारच असतील की," माझ्या डोक्यात आलं. "मग आत्ता कशाला थांबायचं?"

"तुम्ही पाण्याच्या टाकीवरून कशाला यायचात?"

"...तुम्हाला टाकीपर्यंत माहीत होतं?"

"टाकीजवळ नवीन डांबर पडलंय. टायरच्या खाचेत रोज खडी सापडायची." तो हसला, आणि या वेळी त्याने खाली बघितलं नाही. "मी काढून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा असायची."

मला वाटलं, आता शब्द सापडणार नाहीत. पण सापडले, आणि अडखळलेही नाहीत. "मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून. चिडले होते तेव्हासुद्धा."

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. मग आपण 'तू' म्हटलं हे लक्षात येऊन थबकला. मी काही हरकत घेतली नाही.

ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत गेलं. आत बाबांचं घोरणं सुरू झालं. पुष्कळ वेळाने तो उठला, मागच्या टायरवर त्याने तळहात ठेवला आणि मला खूण केली. मीही हात ठेवला, त्याच्या हाताशेजारी. रबर गार झालं होतं.

त्याने टोपण काढलं. यंत्र लावणार, तोच मी त्याच्या मनगटाला धरलं. "नको ना उतरवूस. मी परत येणार तेव्हा पुन्हा भरावी लागेल."

"तोवर टायर कडक राहतील. आत्याला धक्के बसतील," तो म्हणाला. "आणि तू कशाला येतेस? नवी नोकरी आहे, सुट्टी मिळणार नाही. मीच येईन. महिनाअखेरीला."

"गाडी तर बाबांकडे असेल. तुझी स्वतःची कुठे आहे?"

"आहे, पण चालत नाही. ठोकळ्यांवर उभी आहे ती, तिचं इंजिन काढून ठेवलंय." त्याने हवा उतरवायला सुरुवात केली होती. बारीक आवाज करत ती थोडी थोडी बाहेर येत होती. "बसने येईन."

"बसने? एवढ्या लांब?"

"खिडकीजवळची जागा मिळाली तर बरं होईल," तो म्हणाला आणि त्याने टोपण घट्ट फिरवून बसवलं.

*

महिनाअखेरीला मी बस यायच्या कितीतरी आधी स्थानकावर जाऊन बसले. बस आली. माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक रडणारं मूल उतरलं. मला वाटलं, आला नाही. आणि मग सगळ्यांच्या शेवटी तो उतरला, दांड्याला धरून, एकेक पायरी चाचपत. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. हातातल्या लिंबाचा पार चोथा झाला होता.

मी धावले. त्याने तळहात वर केला.

"थांब," तो म्हणाला. "आत्ता काही विचारू नकोस. मला जरा... गार होऊ दे."

मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, रुमाल ओला करून मानेवर ठेवला आणि घरून कापून आणलेलं लिंबू त्याच्या हातात दिलं. तो डोळे मिटून माझ्या खांद्याला टेकला. त्याची परतीची बस कधी आहे, हे मी विचारलं नाही. मला कसलीच घाई नव्हती.